खोड चिरून पाहणारा माणूस

दुसऱ्याच्या वावरात पाय टाकण्याआधी चपला धुणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. चाचा धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उकिडवे बसायचे. पिशवीतून पाण्याची बाटली काढायचे. तळाला चिकटलेली माती काडीने खरवडायचे, मग फिनेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने दोन्ही चपला पुसायचे आणि त्यानंतरच आत शिरायचे. बाहेर पडताना पुन्हा तेच. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघायची.

"काऊन चाचा, वावरात चाल्ले का मशिदीत?"

"मशिदीत चपला बाहेर ठेवा लागते," चाचा मान वर न करता म्हणायचे. "अथी त्या आत न्याव्या लागते. म्हनून धुवा लागते."

हा माणूस चार वर्षं आमच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहिला. मूळचे वडनेर भोलजीचे. त्यांची सगळी नोकरी एका कृषी संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत गेली. काम काय, तर काचेच्या बाटल्या धुणे. शास्त्रज्ञ बदलून गेले, चाचा तिथेच राहिले, आणि बाटल्या धुता धुता त्यांनी सगळं पाहून घेतलं. लोक त्यांना 'डॉक्टर' म्हणून चिडवायचे. चाचा शांतपणे दुरुस्ती करायचे, "डॉक्टर नाई भाऊ. मी बाटल्या धुवाचो."

निवृत्त झाल्यावर मुलगी म्हणाली, आता घरी आराम करा. चाचा संग्रामपूरच्या एसटीत बसून सातपुड्याच्या पायथ्याशी, वरवट बकालच्या पलीकडच्या आमच्या गावात आले. कारण विचारलं तर म्हणे, या पट्ट्यातला तुरीचा मर रोग त्यांनी अजून नीट पाहिलेला नव्हता. माझ्या आईला ते पटेना.

"भाऊ, इतल्या दूर एकटेच आले? कोनाले भेटाचं हाये तुमाले?"

"बाई, ज्याले भेटाचं हाये तो वावरात हाये. थंडी पडू द्या, दाखवतो."

आता ते पुन्हा वडनेरला, मुलीकडे असतात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. मी महिन्यातून एकदा फोन करते, आणि ते माझी तब्येत विचारायच्या आधी आमच्या धुऱ्यावरच्या लिंबाच्या झाडाची विचारतात. हे लिहायला घेतलंय ते त्यांचे उपकार नीट मांडून ठेवावेत म्हणून. तोंडावर आभार मानले तर ते विषय बदलतात.

मर हा फसवा रोग आहे. फुलावर आलेली, शेंगा धरू लागलेली तूर आठ-दहा दिवसांत मान टाकते. पानं पिवळी पडून वाळतात, झाड उभ्याउभ्या जळाल्यासारखं दिसतं. माणसाला वाटतं, पाणी कमी पडलं. तो धावत जाऊन पाणी देतो. झाड तरीही मरतं.

"पानी तं खाली भरपूर हाये," चाचा सांगायचे. "पन झाडाच्या आतल्या नळ्या बंद पडल्या. कोनाचा गळा दाबेल असला तं त्याच्या तोंडाशी गिलास धरून काय फायदा?"

हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी झाड उपटून खोड बुडाशी उभं चिरावं लागतं. साल सोलली की आतल्या पांढऱ्या लाकडात काळपट रेघ दिसते. ती असली तर मर, नसली तर दुसरं काहीतरी. ती रेघ पाहिल्याशिवाय चाचा कोणत्याही झाडाबद्दल एक शब्द काढत नसत. त्यांचा चाकू मुठीएवढा होता आणि प्रत्येक चिरेनंतर ते तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचे. घरात पेरू कापायला घेतला तरी आधी पुसायचे, दोन फोडी झाल्या की पुन्हा पुसायचे. आई हैराण व्हायची.

"भाऊ, जांबाचा रोग जांबाले लागला तं काय होते? पोटातच जाऊन राह्यला ना तो?"

"सवय हाये बाई. एकदा सुटली का मंग वावरात बी सुटते."

गावातली पोरं मोबाइलवर वाळलेल्या झाडांचे फोटो पाठवायची. चाचांचं उत्तर एका शब्दाचं असायचं: "चीर." मोठ्या माणसाचा फोटो असला तर "चिरा." त्यापुढे काही नाही. एका वात्रट पोराने आपल्या चिडलेल्या सासऱ्याचा फोटो पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं: "आधी कारण पाहा."

त्यांच्या खोलीत खाटेखाली काड्यापेट्यांचा ढीग होता. प्रत्येक पेटीवर गावाचं नाव, वावराच्या मालकाचं नाव आणि तारीख. आत तुरीचे पाच-दहा दाणे. मरने उजाड झालेल्या वावरात एखादंच झाड हिरवं उभं असलं, की चाचा मालकाची परवानगी घेऊन त्याच्या शेंगा आणायचे. "शंभर मेले, एक जगला. त्याले विचारलं पाहिजे का बाबा, तू काऊन जगला?" ते दाणे पुढच्या वर्षी ते आमच्या परसातल्या, मुद्दाम आजारी ठेवलेल्या मातीत पेरायचे. बहुतेक मरायचे. चाचा नवी काड्यापेटी आणायचे.

त्यांचं आवडतं वाक्य मात्र 'मालूम नाही' हे होतं. एकदा संग्रामपूरला शेतकरी मेळावा होता. एकाने उठून विचारलं, संत्र्याची झाडं एका बाजूने वाळून राहिली, काय करू? मंचावरून तीन औषधांची नावं सांगितली गेली. मागून कोणीतरी गंमत म्हणून ओरडलं, आमच्या डॉक्टरले बी विचारा! चाचा उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मालूम नाही. झाड पाह्यलं नाई." मंडप हसून हसून आडवा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने चाचा त्या माणसाच्या बगीच्यात गेले, मुळं उकरून पाहिली आणि परत येऊन आईला सांगितलं, "आता थोडकं मालूम हाये."

मला या 'मालूम नाही'चा राग यायचा. मी वाढले तेच मुळी पत्रकांवर. माझे बाबा चळवळीतले. घरात धान्याच्या कोठीपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरं शिकले ती गुलाबी कागदावरच्या 'जाहीर सभा' या शब्दांवरून. पत्रकात 'मालूम नाही' असं कधी लिहिलेलं नसतं. पत्रकात दोषी कोण ते लिहिलेलं असतं, ठळक अक्षरांत. आणि आमच्या भागात दोषी माणसांची टंचाई नाही, हे मी आजही म्हणते.

बाबांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे गावाचा शेतकरी गट. गटाने मिळून एक ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर घेतला होता. उन्हाळ्यात तो पाळीपाळीने सगळ्यांच्या वावरात फिरायचा. तुरीची धसकटं मातीत बारीक करून टाकायचा. इतर गावांत असं यंत्र मोठ्या जमीनदाराच्या वावरातून निघतं आणि पाऊस तोंडावर आला की गरिबाकडे पोचतं. बाबांनी नियम उलटा केला: ज्याची जमीन सगळ्यात कमी, त्याची पाळी सगळ्यात आधी. पाळीची वही होती. तिच्या पहिल्या पानावर बाबांच्या हाताने हा नियम लिहिलेला होता. तो नियम म्हणजे आमच्या घराची शान होती.

सगळ्यात लहान तुकडा तुळसाबाईंचा. विधवा बाई, एक बैलजोडी, आणि जीभ अशी की सरपंचही लांबून जायचा. पहिल्या वर्षी बाबा त्यांना सांगायला गेले, तर त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

"गरीब म्हनून पयला नंबर देता काय? मले नाई पाह्यजे कोनाची खैरात. माहे बैल मेले नाई अजून."

त्यामुळे पहिली पाळी दुसऱ्या क्रमांकाच्या लहान वावराची झाली. ते आमचं होतं.

आणि मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी गावातली निम्मी तूर वाळली.

आधीची दोन-तीन वर्षं थोडी थोडी वाळत होती, कोणी मनावर घेतलं नव्हतं. त्या वर्षी शेंगा भरायच्या आधीच वावरं करडी पडली. सगळ्यांनी बियाणं एकाच दुकानातून आणलेलं होतं. तालुक्याच्या त्या दुकानदाराला मी लहानपणापासून ओळखत होते. माझ्या बाबांना त्याने एकदा उन्हात तासभर उभं ठेवलं होतं आणि पावती अंगावर फेकली होती. त्यामुळे गावात 'बियाणं बोगस' हा शब्द उठला, तेव्हा मला एका क्षणाचीही शंका आली नाही. खरं सांगायचं तर मला आनंद झाला.

बाजाराच्या दिवशी त्याच्या दुकानावर मोर्चा ठरला. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. दुकानदाराचं नाव चार वेळा. दोन-चार पोरं शटर फोडण्याची, रॉकेलची भाषा बोलत होती आणि मी त्यांना गप्प केलं नाही. छापखान्यात द्यायच्या आधी फक्त एक गोष्ट हवी होती: कोणी जाणकाराची सही. मी कागद घेऊन पुढच्या खोलीत गेले.

चाचांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. मग विचारलं, "चिरलं का?"

"चाचा, सगळ्या गावानं पाह्यलं."

"गावानं पाह्यलं. चिरलं कोनं?"

"मरच हाये हा, दुसरं काय! मर काय बियाण्यातून येत नाई?"

"येते ना. पन दुसरीकडून बी येते. बाजाराले किती दिवस हाये?"

"दोन."

"मंग चाल."

दीड दिवस आम्ही वावरं फिरलो. मी पुढे, चाचा मागे, आणि प्रत्येक धुऱ्यावर चपला धुण्याचा तो सोहळा. माझ्याही चपला धुवायला लावल्या. चाचा झाडं उपटायचे, चिरायचे, रेघ दाखवायचे आणि प्रत्येक मालकाला एकच प्रश्न विचारायचे: पहिलं झाड कोणत्या कोपऱ्यात मेलं? मला कळेना, याचा काय संबंध. चौथ्या-पाचव्या वावरापर्यंत माझ्याच लक्षात आलं. प्रत्येक ठिकाणी उत्तर तेच होतं. जिथून ट्रॅक्टर आत शिरतो, तो कोपरा.

"बियाण्यात रोग असता तं वावरभर शिंतोडे उडाल्यावानी झाडं मेले असते," चाचा म्हणाले. "एक अथी, एक तथी. हे तसं नाई बेटा. हे दरवाज्यातून चालत आलं."

शेवटी आम्ही तुळसाबाईंच्या तुकड्यावर गेलो. चारी बाजूंनी वाळलेल्या वावरांच्या मधोमध त्यांची तूर हिरवीगार उभी होती, शेंगांनी लगडलेली. तुळसाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"आले का पाहाले? बापाले सांग तुह्या, बैलानं वाहेल वावर हाये."

"मावशी, बियाणं कोनत्या दुकानातलं?"

"त्याच मेल्याच्या. दुसरं दुकान हाये कुठी?"

त्याच दुकानातलं, तशाच पिशवीतलं बियाणं. फक्त रोटाव्हेटर कधी शिरलेला नाही. चाचांनी तिथलंही एक झाड परवानगी घेऊन चिरलं. लाकूड पांढरंशुभ्र होतं. मी ते हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले. रेघ दिसावी, असं मला मनापासून वाटत होतं.

घरी येऊन चाचांनी बाबांकडे पाळीची वही मागितली. कोणत्या वावरात मर आधी दिसला आणि किती पसरला, ते आम्ही दीड दिवस लिहून घेतलं होतं. चाचांनी तो कागद वहीशेजारी ठेवला. बोलावं काहीच लागलं नाही. ज्या क्रमाने पाळी, त्याच क्रमाने रोग. वहीतलं पहिलं नाव बाबांचं, आणि सगळ्यात जुना, सगळ्यात मोठा वाळलेला पट्टाही आमच्याच वावरात. आमच्या मातीतली आजारी धसकटं रोटाव्हेटरच्या पात्यांना चिकटून दरवर्षी गावभर वाटली जात होती. सगळ्यात आधी गरिबांना.

बाबांनी वही मिटली. मग म्हणाले, "हे बाहेर नाई जाऊ द्याचं."

"बाबा!"

"तुले काय समजते? ज्याईची जमीन मोठी हाये, ते टपूनच बसेल हाये. उद्या म्हनतीन, पाह्यलं का, गरिबाले आधी दिलं तं काय झालं. गट मोडन. मशीन विकतीन. सारं संपन."

मी त्यांच्यावर चिडायला हवं होतं. चिडले चाचांवर.

"तुमाले त्या दुकानदाराले वाचवाचं होतं! त्याचीच बाजू घेतली तुमी!"

चाचा चाकू पुसत होते. तो त्यांनी खाली ठेवला.

"त्यानं मले दुकानातून हाकलून देल्लं होतं, मालूम हाये तुले? चार लोकायसमोर. म्हने, बाटल्या धुवनाऱ्यानं अक्कल शिकवू नाई." ते माझ्याकडे वळले. "दीड दिवस मी काय शोधून राह्यलो होतो, तुले वाटते? त्याचीच चूक शोधून राह्यलो होतो बेटा. नाई निघाली."

 स्वयंपाकघरात आईचा हात थांबला होता.

मग चाचा बाबांकडे वळले. "भाऊ, मर मातीत कित्येक साल राह्यते. लोकं समजतीन बियाणं खराब होतं, पुढच्या साली नवं बियाणं आनतीन, त्याच मातीत पेरतीन. पुन्हा मरन. मंग कोनाचं दुकान फोडसान? मशीन धुवा. प्रत्येक वावरातून निंगाल्यावर धुवा. ज्या वावरात मर हाये तथी तीन-चार साल तूर नका पेरू, ज्वारी पेरा. पन पाळी काऊन मोडता? पाळीत काय खोट हाये? पाळी चांगली हाये."

बाबा उठून अंगणात गेले.

मी नवं पत्रक लिहायला बसले. इतकं अवघड काही मी त्याआधी लिहिलं नव्हतं. दोषी माणसाचं नाव लिहिताना हात सरसर चालतो, इथे चालेना. दुकानदाराचं नाव काढलं. मर कसा ओळखायचा ते लिहिलं, रोटाव्हेटर कसा धुवायचा ते लिहिलं, ज्वारीचं लिहिलं. आणि मधे एक वाक्य लिहिलं: 'काही वावरांतून हा रोग यंत्रामार्फत इतरत्र पसरला असावा.'

चाचांनी वाचलं. त्या वाक्यावर बोट ठेवलं. "काही म्हंजे कोनते?"

मी पेनचं टोपण लावून टाकलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. कागद माझ्या हातात देऊन ते खोलीत निघून गेले.

सकाळी छापखान्यात जायला निघाले तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "आन इकडे." मला वाटलं, फाडून टाकतील. त्यांनी खिशातलं पेन काढलं, 'काही वावरांतून' हे शब्द खोडले आणि वर लिहिलं: 'माझ्या वावरातून'. 'असावा' खोडून 'आहे' केलं. खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहून सही केली आणि कागद चाचांच्या दारात नेऊन धरला. चाचांनी पुन्हा सुरुवातीपासून वाचला, आणि बाबांच्या सहीखाली आपली सही केली. नावापुढे लिहिलं: निवृत्त प्रयोगशाळा परिचर.

बाजाराच्या दिवशी माणसं जमली होती ती मोर्चासाठी. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या तोंडात शिव्या. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले आणि पत्रक मोठ्याने वाचलं. 'माझ्या वावरातून' हे शब्द मी दोनदा वाचले. बाबा शेजारीच उभे होते, टोपी हातात घेऊन.  मला वाटलं, आता गट मोडला. आता पहिली शिवी येईल.

मागून कोणीतरी ओरडलं, "धुवाले तं आमी बी नाई सांगतलं कधी! दुसरी पाळी माही होती. माहं बी लिव्ह त्याच्यात!"

"तिसरी माही!" दुसरा म्हणाला. "माह्या वावरातून तं ढेकळं लटकून मशीन पुढं गेली होती. मीच हासलो होतो!"

लोक पाळीप्रमाणे आपापले नंबर सांगू लागले आणि मी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत गेले. काठ्या कधी खाली गेल्या, मला कळलं नाही. शटरमागून दुकानदार वाकून पाहत होता. त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

चाचा मात्र कुठे दिसेनात. शोधलं तेव्हा ते गर्दीत सापडले, एकेकाची बाही धरून विचारत फिरत होते, "घरी ज्वारीचं बियानं हाये का? जुनं, घरचं?" कितीतरी वर्षांत आमच्या गावात कोणी ज्वारी पेरली नव्हती. आणि ज्यांना विचारलं ती माणसं, त्या बाजाराच्या गोंगाटात एका कानावर हात दाबून, घरी फोन लावून बायकांना कोठीत पाहायला सांगत होती.